मागची उबदार जागा

"अस्थिकलश मी मांडीवर घेते," बायको म्हणाली.

"नको. ताईला मागेच बसू दे."

बाबांच्या जुन्या फोक्सवॅगनचं हवेवर थंड होणारं इंजिन मागे आहे. मागच्या सीटच्या पाठीशी सामानाचा खोलगट कप्पा आहे, तो इंजिनामुळे उबदार होतो. थंडीत आजोळी जाताना त्यात झोपण्यासाठी ताई आणि मी भांडायचो. आमचा गाडीवर जीव जडला तो त्या उबेमुळेच. बाबा पाळ्या लावायचे, पण मी रडलो की ताई आपली पाळी सोडायची.

आज कलश तिच्याच शालीत गुंडाळून मी तिथे ठेवला. "तुझी पाळी," म्हणालो.

नाशिकला नदीवर शाल काढली. तांब्याचा कलश कोमट लागला, झोपेतून उठवलेल्या तिच्या गालासारखा.

"सोडा आता," गुरुजी म्हणाले.

मला सोडवेना.