चौथ्या लीगचा कोच

"एकाहत्तरावं मिनिट," घड्याळजी म्हणाले आणि वहीत नोंद केली. "अजून बदली खेळाडू उतरवलेला नाही. या कोचला हाकलायलाच हवं."

डोळ्यावरचं भिंग त्यांनी काढलं नव्हतं. समोर पोट उघडं टाकलेलं मनगटी घड्याळ, शेजारच्या रिकाम्या स्टुलावर टेकवलेला मोबाइल, आणि मोबाइलात हंगामाचा शेवटचा सामना एका गोलने हरत चाललेला संघ. फुटबॉलच्या चौथ्या लीगमधला, दोन दिवसांच्या प्रवासाइतका लांबचा. त्या गावात घड्याळजींनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"काका, तुम्हाला नसती उठाठेव," शेजारचा चष्मेवाला दारात उभा राहून म्हणाला. त्याने गेल्या वर्षीच इथे दुकान टाकलं होतं. "तिकडचे लोक खूश आहेत. तळाचा संघ त्याने सहावा आणला."

"सहावा म्हणजे पहिला झाला का?"

"आणि माझ्या नावाने कशाला सभासद झालात? सगळे मला शिव्या घालतात."

"तुझं नाव भारदस्त आहे. आणि शिव्यांनी अंगाला भोकं पडत नाहीत."

क्लब सभासदांच्या मालकीचा होता. एकदा सभासद झालं की कुठेही बसून मत देता येई, आणि कोच ठेवायचा की काढायचा हे दर हंगामाअखेर मतानेच ठरे. घड्याळजींनी वर्षभर क्लबच्या पानावर पत्रं लिहिली. खेळाडू उशिरा बदलतो, हे मिनिटांसकट. बचाव कुठे फाटतो, हे आकृतीसकट. पावसात टोपी न घालता उभा राहतो. ज्याला स्वतःचं डोकं झाकता येत नाही, तो गोल काय झाकणार? लोक आधी चिडले, मग हसले, मग एकेक जण मनावर घेऊ लागला. घड्याळजी मागे हटायला तयार नव्हते. सगळा गाव एका बाजूला असला तरी आपण एकटे पुरे आहोत, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"पण तो गेला तर तुम्हाला मिळणार काय?"

घड्याळजींनी चिमट्यात बारीकसं चाक धरलं. ते थरथरलं. पूर्वी एका खेपेत बसायचं, आता तिसऱ्या खेपेला बसलं.

"संघाचं भलं," ते म्हणाले.

मतदान रविवारी दुपारी संपलं. काढा, एकशे एक्केचाळीस. ठेवा, एकशे चाळीस. चष्मेवाल्याने आकडे दोनदा वाचून दाखवले.

"तुमच्या एका मताने गेला बिचारा."

"तुझ्या मताने," घड्याळजी म्हणाले आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळेपणाने हसले. दुकान लवकर बंद करून ते शिट्टी वाजवत घरी गेले.

बायको नुकताच फोन ठेवत होती. तिचे डोळे ओले होते.

"पोराचा फोन होता," ती म्हणाली. "काढलं त्याला क्लबने. एका मताने."

"जाऊ दे. आपलं दुकान आहे, घर आहे. कुठल्या परक्या गावात कोचगिरी करत बसला होता. म्हणावं, पहिल्या गाडीने ये."

"तेच म्हटलं मी. तर म्हणतो, बाबांचे हात थरथरतात हे कळल्यापासून त्याचंही मन तिकडे लागत नव्हतं. हंगाम संपला की स्वतःच सोडून येणार होता, तुमच्या शेजारी बसायला." तिने डोळे पुसले. "पण कोण मेला सभासद वर्षभर हात धुऊन मागे लागला होता त्याच्या. आता तिथल्याच दुसऱ्या संघाने बोलावलंय. त्या माणसाच्या नाकावर टिच्चून जन्मभर तिथेच राहीन म्हणतो."