शिडीवरच्याला सांगायचं नसतं

ऐक ना, नुसतं ऐक, मध्ये तोंड घालू नकोस. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा नवरा शिडीवर होता. बाळाच्या खोलीचं छत रंगवत होता.

दोघंही रंगारी. म्हणजे तो रंगवायचा, ती रंग कालवायची, शिडी धरायची. लोकांची घरं रंगवता रंगवताच जमलं त्यांचं. आणि धंद्यातला त्यांचा एक कडक नियम होता: शिडीवरच्याला वाईट बातमी सांगायची नाही. माणूस दचकतो, तोल जातो. आधी खाली उतरू द्यायचं.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" त्यानं वरूनच विचारलं. तोंड छताकडेच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाळाची फुप्फुसं वाढतच नाहीयेत. पोटात आहे तोवर जगेल, बाहेर आलं की संपलं. थांबवायचं असेल तर याच आठवड्यात ठरवा. तिनं तिथंच ठरवलं होतं, थांबवायचं. रोज त्याच्या लाथा खायच्या आणि रोज मनातल्या मनात त्याला पोचवून यायचं, हे तिच्याच्यानं होणार नव्हतं. फक्त नवऱ्याला सांगायचं बाकी होतं. "त्यांना मीच सांगेन," असं ती डॉक्टरीणबाईंना बजावून आली होती.

"छान आहे सगळं," ती म्हणाली. आवाजात हसू आणून. तो उतरेपर्यंत पुरेल एवढंच खोटं, बस. आणि शिडी घट्ट धरली.

तो उतरला. नाकावर पिवळा ठिपका, डोळे लालभडक. "वर बघून रंगवलं की थेंब पडतातच डोळ्यांत," म्हणाला, आणि तिच्या पोटाशी वाकून, "ऐकलंस का रे लबाडा? छान आहेस म्हणे!"

झालं! आता कुठल्या तोंडानं सांगणार?

उद्या सांगते, परवा सांगते करत तो आठवडा गेला.

आणि हा गडी त्या खोलीतून हलेचना. दार लावून रंगवत बसायचा. आधी पिवळा, मग फिका पिवळा, मग पुन्हा पहिलाच. सासूबाई म्हणाल्या, "अरे, किती हात मारशील त्या भिंतीला? खोली आतून लहान व्हायला लागली! पोरगं मावेल का तिथं?"

"मावेल गं आई," तो म्हणाला. "मावेल."

किती जीव लावलाय यानं, असं तिला वाटायचं. निदान तेवढे महिने तरी बाप होऊ दे त्याला. ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची आणि गुणगुणत बाहेर यायची.

एकदा न राहवून बोललीच. "अरे, समजा, नाहीच झालं सगळं नीट, तर?"

"आजचं बघ," तो घाईघाईनं म्हणाला. "जेवलीस का? पाय किती सुजलेत बघ. दे इकडे."

आणि पाय चेपत बसला. मान खाली.

मग ती वेळ आली. डॉक्टरीणबाईंनी टॉवेलात गुंडाळून बाळ तिच्या कुशीत दिलं. त्याचं इवलंसं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. नंतर नाहीच.

सगळे बाहेर गेले. नवरा पलंगाच्या कडेला, बाळाचा तळवा अंगठ्यानं कुरवाळत.

"मला माहीत होतं रे," ती म्हणाली. "तू शिडीवर होतास त्या दिवसापासून. मला थांबवायचंच होतं. पण तुझा आनंद बघून धीर नाही झाला. तुझ्यासाठी ठेवलं."

त्यानं मान वर केली.

"त्या दिवशी तू दवाखान्यातून रडत निघालीस, म्हणून नर्सनं काळजीनं मला फोन केला होता. तू घरी यायच्या आधीच कळलं होतं मला सगळं. मलाही थांबवायचंच होतं गं. पण तू म्हणालीस, छान आहे. मला वाटलं, तुला ठेवायचंय."

आता सांग, तू काय केलं असतंस?