अगदी तिथल्यासारखा

आई गेल्यानंतर बाबांनी पहिल्यांदाच बाहेर जेवायला जाऊ म्हटलं. तेही त्याच इटालियन हॉटेलात. आई तिथे एकदाच जेवली होती आणि मग वीस वर्षं दर रविवारी घरी "अगदी तिथल्यासारखा" पास्ता करायची. पहिल्याच घासाला बाबांचा चेहरा उतरला. सॉस गुळमट, पास्त्याचा पार लगदा. त्यांनी वेटरला हाक मारली. "आचारी बदलला का हो तुमचा?" "नाही काका. आमच्या सगळ्या शाखांत पहिल्यापासून हीच चव असते." तो गेल्यावर बाबा ताटलीकडे बघत राहिले. "म्हणजे ती चव तिचीच होती. आणि आपण कौतुक मात्र यांचं केलं." मी काटा खाली ठेवला. "बाबा, मी तिच्याकडून कधी शिकलेच नाही. लसूण किती घालायचा, तेवढंही ठाऊक नाही." "सोळा पाकळ्या," बाबा म्हणाले. "सोलायला कोण बसायचं? ऊठ, जाताना टोमॅटो घेऊ."