यंत्राला शिकवलेला हात

“थांब, आता बघ,” मावशी म्हणाल्या. “आता तो निरखून बघेल.”

यंत्राच्या हातानं काठीची लाकडी मूठ घासपट्ट्यावरून उचलली, उजेडात धरली आणि जराशी कलती केली. काम मनासारखं झालंय का, ते पाहावं तशी.

“अगदी त्याच्यासारखं. कप विसळला तरी असाच बघायचा.”

जोडारी मान खाली घालून एक स्क्रू आवळत राहिला. तो आधीच घट्ट होता.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. इथे कुठलीच वस्तू ढिगानं बनत नसे. आज काठ्यांच्या मुठी, त्या संपल्या की दुसरंच काही. म्हणून यंत्रही सुट्या ठोकळ्यांचं होतं. खांदा, कोपर, मनगट, पंजा. काम बदललं की सोडवायचं आणि नव्यानं जोडायचं. मग मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावं, तसा त्याचा पंजा धरून काम एकदा करून दाखवायचं. पुढे ते शिकवणाऱ्याच्याच हाताच्या वळणानं आपलं आपण करत राही.

मुठी घासायला त्याला मावशींच्या मुलानं शिकवलं होतं. एकुलता एक मुलगा. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता गेला. त्याच्या जागी हा जोडारी आला. परगावचा, इथे ओळखीचं कुणी नाही. आल्या आल्या त्यानं यंत्र सोडवून स्वच्छ केलं आणि सवयीप्रमाणे त्याच्या स्मरणातलं सगळं पुसून टाकलं.

त्याच दिवशी मालक मावशींना भेटायला गेले होते. परत येऊन म्हणाले, “बाई नुसत्या भिंतीकडे बघत बसल्यात रे. शेवटी सांगितलं, तुमच्या मुलाचा हात आमच्याकडे अजून चालतोय, उद्या येऊन बघा.”

सगळं पुसलंय हे मालकांना सांगायला जोडारी धजावला नाही. सगळे गेल्यावर त्यानं आपल्या उजव्या हातात यंत्राचा पंजा धरला आणि स्वतःच मुठी घासल्या. शेवटी मूठ उजेडात कलती करायची लकब पदरची घातली. आईला ओळखीचं काहीतरी दिसायला हवं होतं.

तेव्हापासून मावशी रोज दुपारी येत. स्टुलावर बसत, यंत्र बघत आणि जाताना डबा जोडाऱ्यापुढे ठेवत.

“दोघांचा स्वयंपाक करायची सवय जात नाही बघ. टाकवतही नाही.”

सुरुवातीला तो नको नको म्हणे. मावशी ऐकून घेत नसत. “खा मुकाट्यानं. नाहीतर हे यंत्र तुझ्याहून बाळसेदार दिसायला लागेल.” एकदा त्यांनी विचारलं, “घरी कोण असतं?” “कुणी नाही,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून डबा मोठा झाला.

त्याला घास गोड लागे, पण आपण एका आईला फसवून जेवतोय, हे काही केल्या मनातून जाईना.

मग मुठींचं काम संपलं. दुसरं काम आलं.

“मावशी, आज हा हात सोडवावा लागणार,” तो म्हणाला.

“सोडव ना.”

त्यानं पंजा काढला. मनगट काढलं, कोपर काढलं. एकेक ठोकळा पुसून पेटीत ठेवला. आता बाई कोसळतील म्हणून तो वर बघेना. खांद्याच्या बोल्टवर त्याचाच पाना घसरायला लागला. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं.

“मावशी,” तो कसाबसा म्हणाला, “मी तुम्हाला एक...”

“हात धू आणि आधी जेव. गार होतंय.” मावशींनी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. “उद्याही आणणार आहे मी. आणि इतकं मनाला लावून घेऊ नकोस रे बाळा. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझा मुलगा डावखुरा होता.”