फोटोचा उरलेला तुकडा

“आपल्या रजईचा फोटो कुणीतरी ढापलाय,” मालकीणबाई म्हणाल्या. “थांब, चोर पकडूनच दाखवते. नुसता फोटो टाकायचा, की इंटरनेटवर जिथे जिथे तो असेल तिथलं सगळं समोर येतं.”

टाचणी गालात हसली. शिवताना तोंडात टाचण्या धरायची आणि अंगानंही तशीच, म्हणून दुकानात सगळे तिला टाचणीच म्हणत. रजई तिच्या हातची. लेकीला घेऊन ती घरातून पळाली तेव्हा रजई मागेच राहिली. मोबाइलमध्ये फोटो तेवढा होता. तोच दाखवून तिला हे काम मिळालं, आणि मालकीणबाईंनी तो दुकानाच्या पानावर लावला. देण्याआधी टाचणीने त्यातली माणसं मात्र कापून टाकली होती. नवऱ्याला आपला ठावठिकाणा लागू नये, एवढीच धास्ती.

मालकीणबाईंनी फोटो टाकला. पहिलं आलं ते दुकानाचंच पान. दुसरं पाहून टाचणीच्या पायाखालची जमीन सरकली.

रजई तीच, पण फोटो अख्खा होता. शेजारी ती स्वतः, मांडीवर लेक. फोटो नवऱ्यानेच काढलेला. खाली त्याने लिहिलं होतं, ‘माझी बायको आणि मुलगी. कुठे दिसल्या तर कळवा.’

कापलेलं कापड पुन्हा जोडलं तर शिवण तरी दिसते. इथे तीही नव्हती. आणि मालकीणबाईंना चुटकीसरशी जमलं, ते त्याला का जमू नये? तो तर हात धुऊन मागे लागणारा माणूस. तोंडात टाचण्या होत्या म्हणून ती किंचाळली नाही.

“अगंबाई, ही तर तू!”

टाचणीने टाचण्या तळहातावर काढल्या. “बाई, माझी चौकशी करत कुणी आलं होतं?”

“दुपारी तू जेवायला गेलीस तेव्हा एकजण आले होते. रजई कोणी शिवली म्हणून विचारलं. बोलायला इतके गोड...” मालकीणबाई मध्येच थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला.

“आणखी काय विचारलं?”

“मुलगी कुठल्या शाळेत जाते, ते.”

“तुम्ही सांगितलंत?”

मालकीणबाईंनी मान खाली घातली. शाळा सुटून बराच वेळ झाला होता. लेक रोज ज्या स्टुलावर बसून अभ्यास करायची, ते मशीनशेजारचं स्टूल अजून रिकामंच होतं.