कोरी नळी

"तात्या, हिनं किती वाघ मारले म्हणालात?" बंदुकीच्या दुकानातल्या शेठनं जुन्या रायफलीच्या नळीला डोळा लावत लोण्यासारख्या आवाजात विचारलं.

"चार!" इंगवले तात्यांनी मिशीला पीळ भरला. बायकोच्या ऑपरेशनसाठी रायफल विकायची पाळी आली, तरी वाघ शाबूत होते; उलट दर दिवाळीला ते हातहातभर लांबत. शेजारी बसलेला जावई आजवर या वाघांपुढंच वाकत आला होता.

"पण नळी तर आतून आरशासारखी आहे. हिच्यातून गोळी सुटलेलीच नाही." शेठनं चहाचा कप पुढं सरकवला. "खरं सांगा, तात्या. कोऱ्या मालाला दुप्पट भाव देतो."

अंथरुणाला खिळलेली बायको तात्यांच्या डोळ्यांपुढं आली. जावयाकडं न बघता ते म्हणाले, "एकही नाही मारला. बंदुकीच्या बाराच्या आवाजानंच मला घाम फुटायचा."

दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं खिदळली. शेठ गालात हसला. "आता कसं बोललात! पण गिऱ्हाईक मागतं वाघ मारलेली बंदूक. इतकी वर्षं मुकी पडलेली ही उडते की फुटते, कोण सांगणार? निम्म्यात देता का?"

"अहो, आत्ता तर दुप्पट म्हणालात!"

"तेव्हा तुम्ही शिकारी होतात."

तात्यांनी निम्म्यात रायफल दिली. बाहेर जावयानं स्कूटर सुरू केली, तात्यांना मागं नीट बसू दिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "मामा, गावात आधी कुणाला सांगू?"