सहावी सकाळ

"हा सहावा बघ," म्हणत विश्वजितने स्क्रीन अंथरुणाला खिळलेल्या केतकीच्या पलंगाजवळ सरकवली.

मणक्याचा सर्जन निवडायला आता ओळखीपाळखीच्यांना विचारत फिरावं लागत नसे. घरातल्या सगळ्यांच्या तब्येतीचे अहवाल दिले की प्रत्येक सर्जनच्या नावापुढे पुढच्या वर्षीची, आजच्याच तारखेची, आपल्याच घरातली सकाळ दिसायची. ती सहसा चुकत नसे.

पहिल्या सर्जनच्या सकाळी केतकी काठी टेकत ओट्यापाशी आली होती, तिसऱ्याच्या सकाळी वॉकर धरून. सहाव्याच्या सकाळी ती ताठ चालत आली, वाकून तिने खालच्या कप्प्यातलं पातेलं काढलं आणि चहा ठेवला.

"वाकलीस बघ," विश्वजित म्हणाला. सगळा वेळ तो फक्त तिची पाठ बघत होता.

केतकीने मात्र कप बघितला. तो एकच होता. विश्वजितचं चहाचं स्टीलचं फुलपात्र मांडणीवर पालथं होतं, त्यावर धूळ होती. तिने सगळ्या सकाळी पुन्हा लावून पाहिल्या. सहाही सकाळी विश्वजित घरात कुठेच नव्हता.

"याची तारीख सात महिन्यांनंतरची मिळतेय," तो म्हणाला. "थांबू की. आपल्याला कुठे घाई आहे?"

"सगळ्यात लवकर कोण करेल?"

"पहिला. येत्या सोमवारी. पण मग तुला कायमची काठी लागेल, केतकी."

"लागू दे. सोमवारचीच घे," ती म्हणाली. "मला तुला चहा करून द्यायचाय."